गॅलरीतले श्रोते

"शेवटी तो मुलगा काय म्हणाला गं? सगळे एवढे खिदळले, आणि चेअरमन तेवढे उठून गेले म्हणे!"

भिंतीपलीकडून माईंचा आवाज आला आणि माझ्या हातातली पाण्याची नळी जास्वंदीवरच थांबली. सहकारनगरातल्या आमच्या गल्लीत सकाळच्या बातम्या टीव्हीवर लागत नाहीत, त्या माईंच्या आणि आमच्या बंगल्यामधल्या कमरेएवढ्या भिंतीवर लागतात. शनिवारी कॉलनीच्या मैदानावर कार्यक्रम झाला होता. गाणी, कविता आणि विनोद, अंध मुलींच्या वसतिगृहाच्या मदतीसाठी, देणगी प्रवेशिका दोनशे रुपये. रविवारभर चघळूनही हा विषय सोमवारसाठी शिल्लक होता.

"उठून नाही हो गेले माई. फोन आल्यासारखं करून बाजूला झाले."

"पण म्हणाला काय तो?"

"म्हणाला, आमच्या कॉलनीत पार्किंगवरून भांडण झालं की दोन्ही बाजू आधी एकमेकांना विचारतात, 'आपण सुशिक्षित आहोत ना?' आणि रात्री जाऊन टायरमधली हवा सोडतात."

माई तगरीची फांदी धरून हसत सुटल्या. "बरोबर बोलला. चेअरमननी डॉक्टरांच्या गाडीची सोडली होती."

"असं म्हणतात."

"म्हणतात काय, मी पाहिलंय. मला पहाटे चारला जाग येते. या गल्लीत चार ते सहामध्ये काय काय होतं ते मी एकदा लिहून काढणार आहे."

तो मुलगा म्हणजे कोपऱ्यावरच्या इमारतीतला, हिंजवडीला नोकरी करणारा. पाच दिवस लॅपटॉपसमोर मान घालून बसतो आणि शनिवारी कुठल्याशा कॅफेत उभा राहून लोकांना हसवतो. त्याची आई वर्षभर सांगत होती, "त्याचं काहीतरी स्टँडअप असतं." आम्हाला वाटायचं, पाठीच्या दुखण्यासाठी काहीतरी व्यायाम असेल. शनिवारी कळलं की हे आपल्याकडे पूर्वीपासून चालत आलेलं एकपात्रीच आहे, फक्त टेबल, खुर्ची आणि तांब्या-भांडं गेलं.

"पण त्याला वेळ किती दिला ते सांग," माई म्हणाल्या. "दहा मिनिटं! दहाच्या ठोक्याला माइक बंद."

"ते करावंच लागतं माई. उघड्या मैदानावर रात्री दहानंतर स्पीकर चालत नाही. २००० सालापासून नियम आहे."

"नियम मला ठाऊक आहे. साडेसहाचा कार्यक्रम साडेसहाला सुरू करायचा, असाही एक नियम असतो. तो कोणाला ठाऊक होता?"

माईंनी दुखरी जागा बरोबर दाबली होती. साडेसहाच्या कार्यक्रमाचा पहिला सूर सव्वासातला लागला. आधी समई पेटेना. वाऱ्याने काडी विझायची, मग पाहुण्यांच्या भोवती चार बायका पदर धरून उभ्या राहिल्या आणि कशीबशी एक वात धरली. मग सत्कार. प्रमुख पाहुण्यांचा, त्यांच्या सौभाग्यवतींचा, मांडववाल्याचा, स्पीकरवाल्याचा, आणि ज्यांनी सत्काराच्या शाली दिल्या त्या दुकानदाराचाही, त्यांच्याच दुकानातली शाल घालून. मग निवेदिका. प्रत्येक गाण्याआधी संगीतकार कोण, गीतकार कोण, चित्रपट कोणता, हे गाण्यापेक्षा लांब. डॉक्टर कराओकेवर गायले. ते बरं गातात, पण ट्रॅक त्यांच्यापुढे दोन पावलं चालत होता. पेशंटला थांबवून ठेवायची सवय, तसं ते ट्रॅकलाही थांबवायला बघत होते.

"आणि कवी?" माईंनी विचारलं.

"ते तुम्ही ऐकलंच असेल."

"ऐकलं. अकरा कविता. पाऊस, आई, पाऊस, गाव, पाऊस."

"शेवटची आईच्या आठवणीतल्या पावसावर होती."

"अगं, कविता ऐकायला मला आवडते. विंदा, पाडगावकर आणि बापट, तिघं एका मंचावर बसून गावोगाव कविता वाचायचे. आम्ही ऐकलेत ते. सभागृहात उभं राहायला जागा नसायची. पण ते तिघं होते आणि तरी प्रत्येकाला दुसऱ्याची कविता ऐकायची घाई असायची. आपले हे एकटेच, आणि यांना स्वतःचीच घाई!"

"माई, तुम्ही गॅलरीतूनच ऐकलंत ना सगळं?" मी शेवटी विचारून टाकलं.

हा प्रश्न विचारायचा होताच, कारण खरी गंमत तिथेच होती. मैदानात शे-दीडशे खुर्च्या आणि त्यातल्या पुढच्या दोन रांगा सन्मानिकावाल्यांसाठी राखून ठेवलेल्या, म्हणजे मोकळ्या. मात्र मैदानाभोवतीच्या तिन्ही इमारतींच्या गॅलऱ्या गच्च भरलेल्या. बी विंगमधल्यांनी तर वेताच्या खुर्च्या बाहेर काढल्या होत्या. दुसऱ्या मजल्यावर भजी तळल्याचा वास येत होता. एका गाण्याला गॅलरीतून वन्समोअर आला. दोनशे रुपये भरून प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेल्या माणसांनी मान वर करून पाहिलं, तर वन्समोअर देणारा हातात चहाचा कप घेऊन उभा.

"मी गॅलरीत होते," माई शांतपणे म्हणाल्या. "गुडघ्यांनी मला मैदानात जाऊ दिलं नाही. पण माझ्याकडे दोन प्रवेशिका आहेत. एक माझी, एक ह्यांच्या नावाची. हे गेले त्याला वर्षं झाली, पण गाण्याच्या कार्यक्रमाला मी एकटीचं तिकीट कधी काढत नाही. पावती दाखवू?"

"नको हो माई."

"आता तूच सांग, बाकीच्या गॅलऱ्यांत पावत्या किती निघतील?"

त्यावर मला बोलण्यासारखं काही नव्हतं. पुण्यात फुकट पास मिळवणं ही एक प्रतिष्ठा आहे. शंभर रुपयांचं तिकीट काढणाऱ्याला लोक विचारतात, "पास नाही मिळाला?" जणू त्याचं काहीतरी चुकलंय. आणि तोच पासवाला मध्यंतरात सांगतो की कार्यक्रम घसरत चाललाय. पैसे देऊन आलेला माणूस सहसा शेवटपर्यंत बसतो. त्याला पैसे वसूल करायचे असतात.

"माझे आजोबा 'संयुक्त मानापमान'ची गोष्ट सांगायचे," माईंनी फुलांची परडी भिंतीवर ठेवली. परडी भिंतीवर ठेवली गेली की किमान अर्धा तास निघतो, एवढं मला अनुभवाने ठाऊक आहे. "१९२१ साल. आदल्या वर्षी लोकमान्य गेले आणि त्यांच्या नावाने स्वराज्य फंड सुरू झाला. त्या वेळी बालगंधर्वांची गंधर्व नाटक मंडळी आणि केशवराव भोसल्यांची ललितकलादर्श, दोन्ही कंपन्यांत केवढी चुरस! गंधर्वांचे लोक वेगळे, केशवरावांचे वेगळे. घराघरांत दोन पक्ष. आणि या दोघांनी फंडासाठी एकत्र नाटक करायचं ठरवलं. जुलै महिन्यात, मुंबईला, बालीवाला थिएटरात. केशवराव धैर्यधर, बालगंधर्व भामिनी."

"तिकिटं मिळाली असतील का हो कोणाला?"

"दर नेहमीपेक्षा कितीतरी चढे. तरी थिएटर ओसंडलं. आजोबांना काही ते परवडलं नाही. पण गोष्ट बघ. लोकांनी पैसे टाकले ते फंडाच्या भक्तीने, हे खरं, पण त्याहून जास्त कशाने? तर हे दोघं समोरासमोर आले तर कोण कोणाला खातो, ते बघायला! आणि दोघांनी असा काही प्रयोग केला म्हणे की कोणीच कोणाला खाल्लं नाही. त्याच वर्षी ऑक्टोबरात केशवराव गेले. तिशीचं वय. त्यामुळे तो प्रयोग पाहिलेला माणूस पुढे आयुष्यभर तेवढंच सांगत बसायचा."

"म्हणजे तुमचं म्हणणं, दान देणाऱ्याला दान देतोय असं वाटताच कामा नये?"

"वाटू दे की! पण नंतर, घरी गेल्यावर. आधी त्याला हावरटासारखं वाटलं पाहिजे की हे आपल्याला चुकवून चालणार नाही."

एवढ्यात दुधाची पिशवी हलवत अप्पा आले. अप्पा म्हणजे आमच्या कॉलनीचे खजिनदार. आयुष्य हिशेब तपासण्यात गेलं आणि निवृत्तीनंतरही हात गप्प बसत नाही. भिंतीवर परडी दिसली की ते फाटकापाशी थांबतात.

"काय वहिनी, शनिवारचा पंचनामा?"

"बसा अप्पा," माई म्हणाल्या. बसायला काही नव्हतं, ते उभेच राहिले. "आधी सांगा, खर्च वजा जाता मुलींना किती मिळणार?"

"हिशेब सूचनाफलकावर लागेल," अप्पा म्हणाले. "पण एक सांगतो. शालींवर जेवढं गेलं, त्यात मुलींच्या वसतिगृहाचं बरंच काही आलं असतं."

"मग तुम्ही ते कमिटीत का नाही बोललात?"

"बोललो. म्हणून माझाही सत्कार केला."

अप्पांचं आणखी एक गाऱ्हाणं होतं. कार्यक्रम संपल्यावर तिघा-चौघांनी त्यांना गाठलं होतं, दोनशेच्या प्रवेशिकेवर 'ऐंशी जी'ची पावती द्या म्हणून. "मी त्यांना विचारलं, तुम्ही दोनशे रुपये दिलेत, बदल्यात खुर्ची घेतलीत, गाणी ऐकलीत, वर बटाटेवडा खाल्लात. मग ती देणगी कुठली? ते तिकीट झालं. करात सूट मिळते ती ज्याच्या बदल्यात काही घेतलं नाही त्याला. तीसुद्धा दोन हजारांच्या वर रोख दिलीत तर नाही. चेक द्या नाहीतर यूपीआय करा, संस्था तुमचं नाव आयकर खात्याला कळवते आणि मग तुम्हाला रीतसर प्रमाणपत्र मिळतं."

"मग ते काय म्हणाले?"

"म्हणाले, वडा गार होता."

माई इतक्या हसल्या की त्यांना परडी सावरावी लागली.

"आणि जीएसटी?" मी उगाच विचारलं, अप्पांना बरं वाटावं म्हणून.

"पाचशेपर्यंतच्या तिकिटाला गाण्याच्या, नाटकाच्या कार्यक्रमाला जीएसटी नाही. मात्र गाण्यांच्या परवान्याचे पैसे भरले. डॉक्टर म्हणत होते, आपण कुठे व्यावसायिक आहोत, धर्मादाय कामाला कशाला लागतो परवाना? मी कायदा काढून दाखवला. हौशी मंडळींनी फुकट श्रोत्यांपुढे गायलं तर सूट, धार्मिक संस्थेसाठी गायलं तर सूट. आपण तर तिकीट लावलं आणि वसतिगृह काही देऊळ नव्हे. ज्याने गाणं लिहिलं, ज्याने चाल लावली, त्याच्या खिशातून आपण परस्पर दानधर्म करायचा आणि नाव आपलं लावायचं, हे मला पटत नाही."

हे मात्र मला आवडलं. मदतीचा कार्यक्रम म्हटला की सगळ्यांत आधी कलाकाराला फुकट बोलावतात, मग तबलजीला म्हणतात, "जाण्यायेण्याचं बघू." मांडववाल्याचे पैसे मात्र रोख. त्या शनिवारीही पेटीवाला आणि तबलेवाला दोघंच व्यावसायिक होते आणि दोघांना पाकीट द्यायचं की नाही यावर कमिटीत तासभर वाद झाला होता. अप्पांनी पाकीट दिलं. दोघांनी त्यातले काही पैसे काढून तिथल्याच पेटीत टाकले. न मागता. सन्मानिकावाल्यांपैकी किती जणांनी टाकले ते अप्पांना ठाऊक आहे आणि ते सांगणार नाहीत, असं ते तीन वेळा म्हणाले.

"आमच्या वेळी 'लग्नाची बेडी'चे प्रयोग झाले होते," अप्पा म्हणाले आणि दुधाची पिशवी फाटकाला अडकवली. म्हणजे तेही आता लवकर जाणार नव्हते. "अत्र्यांचं १९३६ सालचं नाटक. अगदी हसवणूक. पण ते कोणी उभं केलं होतं? डॉक्टर लागू, निळू फुले, तनुजा, आणखी कितीतरी मोठी नावं. सगळी मिळून गावोगाव. कशासाठी, तर सामाजिक कृतज्ञता निधीसाठी. बाबा आढाव, नरेंद्र दाभोलकर ही मंडळी त्यामागे होती."

"कोणाला द्यायचा होता तो निधी?" मी विचारलं.

"तेच तर वेगळं होतं. शाळेला नाही, दवाखान्याला नाही. जी माणसं घरदार बाजूला ठेवून पूर्णवेळ समाजाचं काम करतात, धरणग्रस्तांत, कष्टकऱ्यांत, आदिवासींत, त्यांची चूल कशी पेटते हे कोणी विचारतं का? निधी बँकेत ठेवायचा आणि व्याजातून या कार्यकर्त्यांना दरमहा मानधन. उपकार म्हणून नाही, कृतज्ञता म्हणून. आणि त्याला साधन काय निवडलं? गंभीर नाटक नाही, रडकं भाषण नाही. 'लग्नाची बेडी'! लागूंसारखा माणूस, नटसम्राट करणारा, तो लोकांना हसवायला उभा राहिला. निळूभाऊंना तर हे नवं नव्हतंच. ते राष्ट्र सेवा दलाच्या कलापथकातून आलेले. लष्कराच्या वैद्यकीय महाविद्यालयात माळीकाम करायचे तेव्हासुद्धा पगारातला वाटा सेवादलाला द्यायचे."

"कलापथक म्हणजे सगळं तेच होतं," माई म्हणाल्या. "पुलंनी 'पुढारी पाहिजे' लिहिलं ते सेवादलासाठीच. गाणी, पोवाडे, वग, विनोद, आणि त्यातून जे सांगायचं ते. लोक ऐकत कारण मजा यायची."

पुण्यात दोन माणसं बोलायला लागली आणि पुलंचं नाव निघालं नाही, असं होत नाही. माईंकडे तर त्यांचा स्वतंत्र खाना आहे. पण माईंची खरी भक्ती पुलंवर नसून सुनीताबाईंवर आहे.

"लोक म्हणतात कडक होत्या," त्या म्हणाल्या. "असायलाच हव्यात. पुलं सगळ्यांना हो म्हणणारे. वेळ सांभाळायची कोणी? पैशाचा हिशेब कोणी? त्या दोघांनी बोरकर, मर्ढेकर, आरती प्रभू यांच्या कविता वाचल्या, तेव्हा सुनीताबाईंपुढे कागद नसायचा. पाठ! कवितेतली एक मात्रा इकडची तिकडे नाही. आणि पैशाचंही तसंच. पुलंच्या पुस्तकांची, प्रयोगांची कमाई होती, त्यातून त्यांनी प्रतिष्ठान काढलं आणि केवढ्या संस्थांना दिलं. गाजावाजा नाही."

"मुक्तांगण," अप्पा म्हणाले.

"मुक्तांगण. अनिल अवचटांनी गर्दच्या व्यसनावर लेख लिहिले. ते या दोघांनी वाचले आणि आपण होऊन विचारलं, आम्ही काय करू? एक लाख रुपये दिले. त्या काळचे एक लाख! डॉक्टर अनिता अवचट येरवड्याच्या मनोरुग्णालयात होत्या, त्यांनी पुढाकार घेतला, आणि तिथल्याच आवारात २९ ऑगस्ट १९८६ला मुक्तांगण हे व्यसनमुक्ती केंद्र सुरू झालं. आजही चालू आहे. किती घरं सावरली असतील सांग. आता मला सांग, आपण 'बटाट्याची चाळ' ऐकून हसलो, तेव्हा आपल्याला कुठे ठाऊक होतं की आपल्या हसण्याचे पैसे साठून पुढे एखाद्या पोराच्या हातातली पुडी सुटणार आहे?"

क्षणभर आम्ही तिघंही काही बोललो नाही. मग अप्पा म्हणाले, "पण त्यांनी तिकीट फुकट वाटलं असतं तर सुटली नसती."

अप्पांना असं कुठल्याही गोष्टीचं टोक हिशेबाच्या वहीत बांधता येतं.

"एक मला खटकलं," मी म्हटलं. "शनिवारी मध्यंतरात वसतिगृहातल्या त्या दोन मुलींना मंचावर आणलं, हात धरून. गाऊ दिलं नाही, बोलूही दिलं नाही. नुसतं उभं केलं आणि निवेदिका म्हणाली, 'बघा, यांच्या आयुष्यात अंधार आहे.' मला खाली मान घालावीशी वाटली."

"मला वरून दिसत होतं," माई म्हणाल्या. त्यांचा आवाज बदलला होता. "त्यातली मोठी मुलगी हसत होती. तिला वाटलं असेल, या बाईला अंधाराचं फारच कौतुक आहे."

"पैसे मात्र त्यानंतर पेटीत जास्त पडले," अप्पा म्हणाले. खोटं बोलणं त्यांच्या स्वभावात नाही.

"पडतील. कीव आली की हात खिशात जातो, पण एकदाच. पुढच्या वर्षी त्याच माणसाला परत कीव आणायला आणखी मोठा अंधार दाखवावा लागतो. आनंदवनाचं बघा ना. विकास आमट्यांनी २००२ साली 'स्वरानंदवन' काढलं. वाद्यवृंद. त्यात कोण? कुष्ठरोगातून बरे झालेले, अंध, मूकबधिर, हातापायांनी अधू असलेले. दौरे करतात. गाणी म्हणतात, नाचतात, नकला करतात. त्यांना कोणी हात धरून मंचावर उभं करत नाही. ते मंच घेतात. लोक तिकीट काढतात ते त्यांच्या दुःखाचं नाही, त्यांच्या गाण्याचं. आपल्या त्या दोन मुली गातात का, हे तरी कोणी विचारलं होतं?"

विचारलं नव्हतं. मला ठाऊक होतं, कारण वडे वाटायला मी गेले तेव्हा धाकटी शेजारणीला सांगत होती की डॉक्टरांनी अंतरा चुकवला, तिथे कोमल निषाद हवा होता. हे मी भिंतीवर सांगितलं तेव्हा माईंनी कपाळावर हात मारून घेतला.

"म्हणजे अख्ख्या कार्यक्रमात ज्यांना सूर कळत होता त्यांना तुम्ही गप्प उभं केलंत आणि ज्यांना कळत नव्हता त्यांना माइक दिलात!"

"मी नाही हो, कमिटीने."

"कमिटी म्हणजे कोण? कमिटी म्हणजे आपण सोडून बाकीचे, असं पुण्यात समजतात."

अप्पा खोकले. त्या खोकल्यात मला धोका कळायला हवा होता, पण मी बोलण्याच्या भरात होते. मी म्हटलं, खरं तर हे सगळं किती सोपं आहे. सत्कार काढून टाकायचे. आभार शेवटी दोन मिनिटांत, आणि तेही नावं न वाचता. दिवा आधीच लावून ठेवायचा. सहा वाजून तीस मिनिटांनी पहिलं गाणं, मैदानात तीनच माणसं असली तरी. पहिल्यांदा त्या मुलींना गायला द्यायचं, पूर्ण वेळ, साथीला आपलेच पेटी-तबलेवाले. कवीला तीन कविता, त्यात पाऊस जास्तीत जास्त एक. आणि तो हिंजवडीवाला मुलगा मध्ये ठेवायचा, म्हणजे लोक मध्यंतरात निघून जाणार नाहीत. डॉक्टरांनी गायचंच असेल तर ट्रॅकशिवाय गावं.

"आणि सन्मानिका?" अप्पांनी विचारलं.

"एकही नाही. चेअरमननीसुद्धा तिकीट काढायचं."

"आणि गॅलऱ्या?" माईंनी विचारलं.

"गॅलऱ्यांना वेगळी प्रवेशिका. शंभर रुपये. घरबसल्या, वेताची खुर्ची तुमची, भजी तुमची. वर श्रोते म्हणून नाव हिशेबात छापायचं. ज्यांनी भरले त्यांची नावं छापली की ज्यांनी नाही भरले त्यांची आपोआप कळतात. या कॉलनीत त्यापेक्षा मोठी वसुली नाही."

"उत्तम," अप्पा म्हणाले आणि खिशातून पेन काढलं. दुधाच्या पावतीच्या मागे त्यांनी काहीतरी लिहिलं. "कमिटीत एक जागा रिकामी आहेच. निवेदिकाबाईंनी काल राजीनामा दिला, कोणीतरी त्यांच्या अंधाराबद्दल बोललं म्हणे."

"अहो अप्पा, मी नुसतं बोलत होते."

"कमिटीत सगळे नुसतं बोलतच असतात वहिनी. तुम्ही निदान मुद्द्याचं बोललात."

मी माईंकडे पाहिलं, मदतीच्या आशेने. त्यांनी परडी उचलली आणि अगदी सहज म्हणाल्या, "बी विंगपासून सुरुवात कर. दुसऱ्या मजल्यावर आधी जा, ते भज्यांचं घर. आणि पावतीपुस्तक घेऊन जाशील तेव्हा आधी माझ्याकडे ये. पुढच्या वर्षीची माझी दोन तिकिटं आत्ताच फाड, म्हणजे तुझ्या पुस्तकात पहिलं पान भरलेलं दिसेल. कोरं पुस्तक बघून कोणी खिशात हात घालत नाही."

अप्पांनी दुधाची पिशवी फाटकावरून काढली, माझं नाव दोनदा अधोरेखित केलं, आणि जाता जाता विचारलं, "पावतीपुस्तक शंभर पानी छापू की दोनशे?"

"दोनशे," माई भिंतीपलीकडून म्हणाल्या. "बी विंगला तीन मजले आहेत."